वरून भाजला जाणारा पदार्थ: अल्बेनियन फ्लिया आणि उष्णतेचे संक्रमण



प्रारण शिकवताना आम्हा शिक्षकांची उदाहरणे ठरलेली असतात: सूर्य, शेकोटी, विजेचा दिवा. दोन वर्षांपूर्वी मी त्यात एका पदार्थाची भर घातली. कोसोवोतील एका अंगणात काही स्त्रिया फ्लिया करत आहेत, अशी छोटी चित्रफीत वर्गात दाखवली. मोठे गोल ताट, त्यावर घुमटासारखे लोखंडी झाकण आणि झाकणावर राख व निखारे. आकडीने झाकण उचलायचे, ताटात थोडे पातळ पीठ ओतायचे, झाकण पुन्हा ठेवायचे. हेच तासन् तास. चित्रफीत संपताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ताटाखाली जाळच नाही. मग शिजतंय कसं?"

या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर फ्लिया कशी करतात हे आधी समजून घ्यावे लागेल आणि मग थोडे गणितही करावे लागेल. या पाठात आपण दोन्ही करणार आहोत. ज्यांना हा पदार्थ करून बघायचा आहे त्यांच्यासाठी प्रमाणही दिले आहे, पण शेवटी दिलेला इशारा वाचल्याशिवाय कोणी निखाऱ्यांना हात लावू नये.

पदार्थाची ओळख

फ्लिया हा उत्तर अल्बेनिया आणि कोसोवो येथील अल्बेनियन भाषकांचा पदार्थ. त्याला फ्लि असेही म्हणतात. याच शब्दाचा त्या भाषेत 'अर्पण' किंवा 'बलिदान' असाही अर्थ होतो. साहित्य अगदी साधे आहे: गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि थरांमध्ये लावायला लोणी, साय, दही. अंडे नाही, यीस्ट नाही, सोडा नाही, साखरही नाही. चव सगळी भाजण्यातून आणि सायीतून येते. तयार फ्लियाचे तुकडे करून दही, चीज, लोणच्यातील मिरच्या यांच्याबरोबर किंवा नुसत्या मधाबरोबर खातात. तुकडा चावण्याऐवजी एकेक थर सोलून खाणारेही पुष्कळ.

हा घाईचा पदार्थ नाही. पाहुणे येणार असतील, घरातली माणसे परदेशातून सुट्टीवर आली असतील, तेव्हा अंगणात फ्लिया लागते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये कोसोवोतील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि उन्हाळ्यात ती गावी परततात. १९९९ च्या युद्धात तर ८ लाखांहून अधिक अल्बेनियन लोकांना कोसोवो सोडावे लागले होते. त्यांतले बहुतेक त्याच वर्षी परतले, काही बाहेरच राहिले. परदेशातल्या सदनिकेत अंगण नसते आणि निखारेही नसतात. मग ओव्हनची फक्त वरची कांडी लावून काम भागवतात. हे चालते, आणि का चालते ते गणितातून कळेल.

ज्या झाकणाबद्दल आपण बोलत आहोत त्याला तिकडे 'साच' म्हणतात. शब्द मूळचा तुर्की, अर्थ लोखंडी पत्रा. आपल्या 'साचा' या शब्दाशी त्याचा गोंधळ करू नका; साच हा आकार देत नाही, फक्त उष्णता देतो. ज्या उथळ ताटात फ्लिया होते ते 'तेप्सी'.

कृती

पीठ आपल्या घावनाच्या पिठाइतके पातळ करतात. पळीतून सलग धार पडली पाहिजे. ते तासभर झाकून ठेवले तर गाठी विरतात आणि पीठ पाणी नीट शोषते. दुसऱ्या भांड्यात वितळलेले लोणी, साय आणि थोडे दही एकत्र घोटून ठेवतात.

दरम्यान साच विस्तवावर चांगला तापतो. तेप्सीला लोणी लावून पहिला थर घालतात आणि इथेच फ्लियाचे वैशिष्ट्य दिसते. पीठ सगळीकडे पसरत नाहीत. काठापासून मध्याकडे पळीने एकेक पट्टा ओढतात आणि दोन पट्ट्यांमध्ये तेवढीच जागा मोकळी सोडतात. वरून पाहिले तर सूर्याच्या किरणांचे चित्र दिसते. त्यावर तापलेला साच ठेवायचा. पट्टे घट्ट होऊन त्यांवर तपकिरी ठिपके आले की साच उचलायचा, सायीचे मिश्रण हलक्या हाताने लावायचे आणि आता मोकळ्या जागा पिठाने भरायच्या. पुन्हा साच, पुन्हा साय. या दोन फेऱ्या मिळून एक थर झाला. पुढच्या थराला पुन्हा किरणे. असे करत ताट भरेपर्यंत जायचे. मधेच साच निवतो, तेव्हा तो परत विस्तवावर जातो.

खालून जाळ का नको?

याचे उत्तर मी चुकून शिकले. चित्रफीत दाखवण्याआधी घरी करून बघावे म्हणून लोखंडी कढई तापवून ताटावर पालथी घातली आणि 'मदत' म्हणून ताटाखाली गॅस बारीक ठेवला. सहावा थर घातला तेव्हा वरचे पीठ कच्चे होते आणि तळाचा थर कोळसा झाला होता. सासूबाई कोकणातल्या. त्यांनी ताट पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, धोंडस करताना आम्ही झाकणावर निखारे ठेवायचो, ते काय उगीच? खालचं खालून होतं, वरचं वरूनच व्हायला पाहिजे." उष्णता संक्रमणाचे दोन सत्रांचे शिक्षण एका वाक्यात आटोपले.

त्यांचे म्हणणे आकड्यांत मांडू. एखाद्या थरातून उष्णता वहनाने आरपार जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंदाजासाठी t = L²/α हे सूत्र पुरेसे आहे; L म्हणजे जाडी आणि α म्हणजे उष्णतेची विसरणशीलता. ओल्या पिठासाठी α सुमारे १.३ × १०⁻⁷ चौरस मीटर प्रति सेकंद धरा. थर २ मिलिमीटरचा असेल तर वेळ येतो सुमारे ३१ सेकंद. बारा थरांचे पीठ एकदम ओतले, म्हणजे जाडी २४ मिलिमीटर, तर वेळ बारापट नव्हे, १४४ पट: जवळजवळ सव्वा तास. तेवढ्या वेळात उष्णतेकडची बाजू करपते आणि मधला भाग, पीठ फुगवणारे काहीच नसल्यामुळे, चिवट गोळा होतो. थरांनी करायचे पण उष्णता खालून द्यायची असे ठरवले तरी अडचण तीच. प्रत्येक नवा थर विस्तवापासून अधिक दूर जातो आणि मधले शिजलेले थर रोधकाचे काम करतात.

उष्णता वरून दिली की नवा थर नेहमी उष्णतेसमोर असतो. पहिला असो की बारावा, त्याच्यासाठी परिस्थिती सारखीच. खालचे थर आधीच शिजलेले आहेत, आता त्यांना नव्या थराची सावली मिळते. गोव्याचे बेबिंका याच तत्त्वावर होते. तिथे नारळाचे दूध, अंड्याचा बलक, साखर आणि मैदा यांचा एक थर ओतायचा, झाकणावरच्या निखाऱ्यांनी वरून भाजायचा, तूप लावायचे आणि मग पुढचा थर. परंपरेने सात किंवा सोळा थर सांगतात. बेबिंकात थर सलग असतो, फ्लियात किरणांचा. तंत्राच्या दृष्टीने ही दोन भावंडेच म्हणायला हवीत.

साचाखाली नेमके काय घडते?

उष्णता पोहोचवण्याचे तीन मार्ग तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत: वहन, अभिसरण आणि प्रारण. साच पिठाला टेकत नाही, म्हणून थेट वहन नाही. मधली हवा तापते, पण तापलेली हवा हलकी असते आणि ती आधीच वर आहे. तिला खाली यायचे कारण नाही. खालून तापवलेल्या पातेल्यात पाणी गोल फिरते तसे इथे काही होत नाही. हवा थरांनी स्थिर बसते आणि अभिसरण क्षीण राहते. उरते प्रारण, आणि मुख्य काम तेच करते.

स्टीफन-बोल्ट्झमन नियमानुसार तापलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरला σT⁴ इतकी शक्ती उत्सर्जित करतो; σ = ५.६७ × १०⁻⁸ आणि T केल्विनमध्ये. साच ४०० अंश सेल्सिअसला आहे असे समजा, म्हणजे ६७३ केल्विन. उत्सर्जन येते सुमारे ११.६ किलोवॅट प्रति चौरस मीटर. पिठाचा पृष्ठभाग पाणी असेपर्यंत १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो. तो ३७३ केल्विनला सुमारे १.१ किलोवॅट परत पाठवतो. निव्वळ १०.५. काजळी धरलेल्या लोखंडाची आणि ओल्या पिठाची उत्सर्जकता मिळून ०.९ धरली तर हातात येतात सुमारे ९.५ किलोवॅट. आता साच ३०० अंशांपर्यंत उतरला असे धरून हेच गणित करा. उत्तर येते फक्त ४.५ किलोवॅट. सेल्सिअसमध्ये तापमान पाव हिश्श्याने उतरले आणि उष्णता निम्म्याहून कमी झाली. चौथ्या घाताचा हा प्रताप परीक्षेत सगळे लिहितात, पण निवलेल्या साचाखाली पीठ पांढरेच राहिलेले पाहिले की तो लक्षात राहतो.

साच घुमटाकार का, हेही याच ओघात पाहू. सपाट पत्रा ताटावर अधांतरी धरला तर बाजूंनी बरेचसे प्रारण निसटेल. घुमटाची कड ताटाच्या बाहेर टेकते, त्यामुळे ताटावरचा कोणताही बिंदू वर कोणत्याही दिशेला बघो, त्याला तापलेले लोखंडच दिसते. आपल्या भाषेत, ताटाकडून घुमटाकडे आकारघटक १. शिवाय आतल्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेले किरण पुन्हा आतच पडतात.

आता एका थराला किती वेळ लागेल? २ मिलिमीटर पिठाचे वस्तुमान दर चौरस मीटरला सुमारे २.३ किलो. विशिष्ट उष्माधारकता ३.१ किलोज्यूल प्रति किलो-केल्विन धरून ते २५ वरून १०० अंशांवर न्यायला ५३५ किलोज्यूल लागतात. त्यातले पाणी सुमारे १.३३ किलो. त्याचा एक तृतीयांश भाग वाफ होऊन जायला हवा, तरच पृष्ठभाग सुकून तपकिरी होईल. पाण्याचा अप्रकट उष्मा २२५७ किलोज्यूल प्रति किलो, म्हणजे आणखी सुमारे १००० किलोज्यूल. खर्चाचा मोठा वाटा पीठ तापवण्याचा नसून पाणी घालवण्याचा आहे, हे इथे ठळकपणे दिसते. एकूण १५३५ भागिले ९.५: सुमारे पावणेतीन मिनिटे. साच ३०० अंशांवर असेल तर साडेपाच मिनिटांच्या वर. बारा थर, प्रत्येकी दोन फेऱ्या, वर साच उचलणे आणि साय लावणे. फ्लियाला दोन-तीन तास किंवा त्याहून अधिक का लागतात याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको.

राखेचे काम

साचावरची राख ही अनवधानाने राहिलेली घाण नाही. ५० सेंटिमीटर व्यासाचा, ४ मिलिमीटर जाडीचा लोखंडी साच घ्या. वजन सुमारे ७ किलो. त्याचे तापमान ४०० वरून ३०० वर येताना तो सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता सोडतो. फक्त खालच्या बाजूने देत असेल, तर सरासरी दीड किलोवॅटने हा साठा जेमतेम चार मिनिटे पुरेल. वरची बाजू उघडी असेल तर तीही तेवढीच उष्णता आकाशाला वाटते आणि वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे उघडा साच एकच फेरी नीट भाजेल. वर निखारे आणि राख घातली की निखारे भर घालतात आणि राख वरची गळती रोखते. आपल्याकडे चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकून सकाळपर्यंत जिवंत ठेवत, तेच तत्त्व. दोन साच हाताशी असतील तर एक भाजत असताना दुसरा तापतो आणि काम खूपच सुकर होते.

किरणे कशासाठी?

इथे मी माझा तर्क सांगते. सलग थर घातला तर आधीच्या थरातून निघणारी वाफ खाली कोंडते आणि नवा थर फुग्यासारखा उचलला जातो. घरच्या प्रयोगात मी हे पाहिले आहे. पट्टे घातले तर वाफेला बाजूने वाट मिळते. दुसरे म्हणजे विटांच्या बांधकामात एका थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाहीत, तसे फ्लियात नवे पट्टे आधीच्या पट्ट्यांच्या कडांवर किंचित चढतात आणि सगळी रचना एकमेकांत अडकते. साय मधे असल्यामुळे थर चिकटत मात्र नाहीत. साय जाड लावली तर नवे पीठ घसरते आणि भाजण्याऐवजी उकडते, म्हणून हात हलका हवा.

पट्टे ओढण्यातले कौशल्य भूमितीचे आहे. काठावर पट्टा आणि मोकळी जागा समान ठेवली आणि पट्टा मध्यापर्यंत तेवढ्याच रुंदीचा आणला, तर निम्म्या त्रिज्येवरच पट्टे एकमेकांना भिडतात आणि मध्यभागी पिठाचे डबके होते. पट्टे दहा असोत की तीस, उत्तर बदलत नाही. स्वतः पडताळून पाहा. म्हणून सराईत बाई काठाशी धार मोठी ठेवते आणि मध्याकडे येताना पळी तिरपी करत ती बारीक करते. हे सूत्र तिला कोणी फळ्यावर शिकवलेले नसते.

घरी करायचे असेल तर

२४ सेंटिमीटर व्यासाच्या ताटासाठी ५०० ग्रॅम मैदा, सुमारे ७०० मिलिलिटर पाणी आणि दीड चमचा मीठ. थरांसाठी १५० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साय किंवा क्रीम, दोन मोठे चमचे दही. एका फेरीला साधारण ४५ मिलिलिटर पीठ, म्हणजे तीन मोठे चमचे. एवढ्यात अकरा-बारा थर होतात. ओटीजीमध्ये फक्त वरची कांडी लावा, तापमान सर्वांत वरचे ठेवा आणि ताट कांडीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर ठेवा. पहिल्या दोन थरांना जास्त वेळ द्या, कारण ताट स्वतःच थंड असते. दार उघडे ठेवून पीठ ओतत बसू नका. ताट बाहेर काढा, दार लावा, मग ओता. दुसऱ्या प्रयत्नात मला दोन तास दहा मिनिटे लागली आणि फक्त मधले दोन थर जरा कच्चे राहिले, तेही फोनवर बोलत बसल्यामुळे. तयार झाल्यावर कापडाखाली पंधरा मिनिटे राहू द्या, मग कापा.

आता तो इशारा. वसतिगृहाच्या खोलीत, बंद स्वयंपाकघरात किंवा दारे-खिडक्या लावलेल्या गॅलरीत कोळसे पेटवून हा प्रयोग करू नका. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो.  कोसोवोत हे काम अंगणात होते, ते केवळ हौस म्हणून नव्हे. निखारे वापरायचेच असतील तर उघड्यावर वापरा, लांब आकडी घ्या, आणि तापलेला साच ठेवायची जागा तो उचलण्याआधी ठरवून ठेवा.

सरावासाठी

१. साच ४०० अंशांवरून सुरू होतो, वरची बाजू राखेने पूर्ण रोधित आहे आणि निखारे नाहीत असे धरा. वर दिलेले वजन आणि क्षेत्रफळ घेऊन तापमान वेळेनुसार कसे उतरेल याचे अवकल समीकरण मांडा आणि ते ३०० अंशांवर कधी येईल ते काढा. आपण वर सरासरी घेऊन चार मिनिटे म्हटले आहे. तुमचे उत्तर त्यापासून किती दूर आहे?

२. फ्लियाच्या एका फेरीत फक्त निम्म्या क्षेत्रावर ओले पीठ असते, उरलेल्या भागावर आधीच भाजलेले पट्टे असतात. त्या पट्ट्यांचे तापमान १०० अंशांवर का थांबत नाही, आणि त्यांवरची साय त्यांना करपण्यापासून काही काळ कशी वाचवते?

३. ओटीजीमध्ये वरची कांडी साचापेक्षा कितीतरी अधिक तापते, तरी फ्लिया डागाळलेली, कुठे काळी तर कुठे पांढरी होते. आकारघटकाचा विचार करून कारण सांगा आणि ताट फिरवण्याखेरीज दुसरा एक उपाय सुचवा.

४. त्रिज्या R असलेल्या ताटात n पट्टे आहेत आणि प्रत्येक त्रिज्येवर पट्टा व मोकळी जागा समान हवी आहे. पळी स्थिर वेगाने काठाकडून मध्याकडे सरकत असेल, तर पिठाची धार त्रिज्येनुसार कशी कमी करावी लागेल?

उत्तरे काढताना चौथ्या प्रश्नासाठी घावनाचे पीठ आणि एक जुने ताट घेऊन दहा पट्टे खरोखर ओढून पाहा. पहिल्या खेपेला मध्यभागी डबके होतेच.